त्या रविवारी अंगणात कोण उतरलं?

१

डॉक्टर आले, पण त्यांना बोलावलं कुणी, हे 'गोदा निवास'मधल्या एकालाही सांगता येईना.

१९९४ सालच्या एप्रिलमधला तो रविवार. सकाळचे पावणेअकरा वाजले होते. हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनामागच्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं, कारण घराघरांत टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेचे शंख वाजत होते. कोठी भागातले डॉक्टर ड्रायव्हरला घेऊन आपल्या फियाटमधून आले आणि फाटक ढकलून आत शिरले. त्या फाटकाची बिजागरी अशी किंचाळायची, की शंखालाही दाबून टाकावं. तो आवाज ऐकून पहिल्या मजल्यावरून दत्तोबा मास्तर कंधारकर उतरले, दुसऱ्या मजल्यावरून हेमंत पेंडसे उतरला. मागच्या अंगणात, जिन्याच्या शेवटच्या पायरीपाशी, तळमजल्यावरचे बाळकृष्णपंत उमरीकर वकील उताणे पडले होते. डोकं घडी घातलेल्या उपरण्यावर टेकवलेलं. कपाळाला पांढऱ्या कापडाची पट्टी घट्ट आवळलेली, आणि ती रक्तानं भिजून लालभडक झालेली.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, पापण्या उघडून पाहिल्या. नळाखालच्या भरलेल्या बादलीत हात बुचकळून त्यांनी दोरीवरचा एक टॉवेल ओढून घेतला.

"जिवंत आहेत," ते म्हणाले. "पट्टी कुणी बांधली?"

मास्तरांनी हेमंतकडे पाहिलं, हेमंतनं मास्तरांकडे.

"ज्यानं बांधली त्यानं यांना वाचवलंय. आणखी पाव तास रक्त गेलं असतं तर मी येऊन काय करणार होतो? आणि फोन कुणी केला? माझ्या कंपाउंडरनं घेतला. बसका आवाज, बाई की बुवा तेही कळलं नाही म्हणतो. 'उमरीकर वकील, डोकं फुटलंय, या,' एवढंच बोलून ठेवून दिला."

पंतांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्यांच्या घरात पाहिलं, तर फोनच्या काळ्या रिसीव्हरवर रक्ताची बोटं होती. आणि ज्या हिरव्या फाईलसाठी गेला महिनाभर सगळी इमारत धुमसत होती, ती फाईल गायब होती.

हेमंत वर आला. त्यानं टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघराच्या लावलेल्या खिडकीकडे पाहत खाली बसला. बायको बाळंतपणासाठी पुण्याला गेलेली, घरात दुसरं कुणी नव्हतं. तरी त्यानं तोंडावर हात दाबून धरला.

कारण ती खिडकी त्यानं अर्ध्या तासापूर्वी स्वतःच्या हातानं लावली होती. आणि लावण्याआधी त्यातून सगळं पाहिलं होतं.

२

पोलिसांना फारसं डोकं चालवावं लागलं नाही. इमारतीचे जुने मालक वारले होते आणि त्यांचा पुतण्या अजय ती पाडून तिथं शॉपिंग कॉम्प्लेक्स उभं करायला निघाला होता. त्या दोन-तीन वर्षांत हैदराबादेत जो तो काहीतरी पाडून काहीतरी उभं करत होता. पण मालकांनी मरण्याआधी दानपत्र करून ठेवलं होतं: भाडेकरूंनी हयातभर राहावं, पुढं ही वास्तू बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या मुलींच्या वसतिगृहाला द्यावी. मूळ दानपत्र त्या हिरव्या फाईलमध्ये होतं आणि सोमवारी पंत ते कोर्टात दाखल करणार होते. शनिवारी अजय अंगणात उभा राहून ओरडून गेला होता, "वकीलसाब, बुढापे में कायकू झंझट मोल लेते?" रविवारी संध्याकाळी तोच दोन माणसं घेऊन पंतांच्या खोल्या उलथ्यापालथ्या करताना सापडला. झालं. सोमवारी तो कोठडीत होता. फाईल मात्र त्याच्याकडे सापडली नाही.

आणि मंगळवारी सकाळी चिक्कडपल्लीहून रिक्षा करून सुलभाबाई औंढेकर आल्या.

बाई ठेंगण्या, साठी ओलांडलेल्या, नाकावर जाड चष्मा. चौतीस वर्षं त्यांनी सिटी सिव्हिल कोर्टात स्टेनो म्हणून साक्षी उतरवून घेतल्या होत्या. पंतांचे कित्येक खटले त्यांच्या वहीतून गेले होते.

"मी पोलीस नाही हो," त्यांनी हेमंतला सांगितलं. "पण माणूस बोलतो कसा, एवढंच मी आयुष्यभर ऐकलंय. तुम्ही आपलं सांगा, मी लिहिते. नक्को म्हणलात तर उठून जाते."

नको म्हणणं आणखी वाईट दिसलं असतं.

"मी टीव्ही बघत होतो," हेमंत म्हणाला. "फाटक वाजलं म्हणून खाली आलो. वकीलसाहेब पायरीपाशी पालथे पडले होते, डोक्याला कुणीतरी रुमाल बांधला होता. डॉक्टर होते, मास्तर होते. बाकी मला काही ठाऊक नाही."

बाईंची पेन्सिल मुंगीसारखी सरसरत गेली. क्षणभर थांबली. पुन्हा चालू लागली.

"त्याआधी फाटक वाजलं होतं?"

"नाही. सकाळपासून एकदाही नाही. ते वाजलं की कळतंच."

दत्तोबा मास्तरांनी सुलभाबाईंना चहा पाजला. रस्त्याकडच्या गॅलरीत बसून ते बोलले, आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांची दोस्ती होती. रोज संध्याकाळी दोघं बुद्धिबळ मांडत. "मी इथंच पेपर वाचत बसलो होतो, बाई. माझ्या दोन्ही खोल्या रस्त्याकडं, मागचं काही दिसत नाही. दिसलं असतं तर धावलो नसतो का? डॉक्टरांची गाडी पाहिली तेव्हा उतरलो. आमचा बाळकृष्ण असा उताणा पडलेला, डोक्याला पदराची पट्टी, मला तर घेरीच आली."

पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूच्या खोलीत इंदुताई देगलूरकर राहत. सत्तरीच्या विधवा, डोळे पार गेलेले. दोन वर्षांत त्या जिना उतरल्या नव्हत्या. दार किलकिलं करून त्यांनी आतूनच सांगितलं, "मला आंधळीला काय विचारू लालीस, बाई? मला काही ठावं नाही." आणि कडी लावली.

संध्याकाळी सुलभाबाई परत हेमंतच्या दारात उभ्या राहिल्या.

"हेमंतराव, तुमच्या जबानीतला एक शब्द मला बदलून हवाय."

"कुठला?"

"पालथे. फाटक वाजल्यावर जे जे आले त्या सगळ्यांनी पंतांना उताणं पाहिलंय. डॉक्टरांनी, मास्तरांनी, फियाटच्या ड्रायव्हरनं. पालथे असतील तर ते त्याच्याआधीच. तुम्ही त्यांना कधी पाहिलंत?"

३

खोटं बोलायला हेमंतनं तोंड उघडलं, आणि त्यातून रडू बाहेर पडलं.

तो चहा ठेवायला स्वयंपाकघरात आला होता. खाली दबक्या आवाजातली बाचाबाची ऐकू आली म्हणून त्यानं वाकून पाहिलं. पेरूच्या झाडाआडून फक्त दोन पांढऱ्या बाह्या दिसत होत्या. त्या पंतांच्या छातीशी धरलेली हिरवी फाईल ओढत होत्या. पंत सोडेनात. एकदा त्यांनी मान वर केली, आणि त्यांची नजर थेट हेमंतच्या नजरेला भिडली.

"त्यांनी हाक मारली का?"

"नाही. नुसतं पाहिलं. जणू... आता कुणीतरी पाहतंय म्हणजे झालं, असं." हेमंतनं नाक पुसलं. "मी ओरडलो असतो तरी पुरे होतं, बाई. नुसतं 'ए' म्हणायचं होतं. मी म्हटलं, आपण परके, नोकरीसाठी आलेलो. हे यांचं जुनं भांडण. अजयची माणसं उद्या आपल्या दारात येतील. तेवढ्यात त्या हातांनी ढकललं. पंत पायरीवर आपटले आणि पालथे झाले. मी खिडकी लावली. टीव्हीचा आवाज वाढवला."

"अजयच होता?"

"तोंड नाही दिसलं. पण दुसरा कोण असणार?"

सुलभाबाईंनी रागावायला हवं होतं. ती तयारी करूनच तो बसला होता. त्या मात्र वही मिटून अंगणाकडे पाहत राहिल्या.

"अजयकडे फाईल असती, तर संध्याकाळी तो ती शोधायला कशाला आला असता? म्हणजे ज्यानं ढकललं त्याला फाईल मिळाली नाही. मग ती कुणाकडे आहे? ज्यानं पंतांना उताणं केलं, पट्टी बांधली, फोन केला, त्याच्याकडे. पेंडसे, तुम्ही खिडकी लावल्यावर कुणीतरी अंगणात उतरलं होतं. आणि तिघंही सांगताय की डॉक्टरांच्या आधी आम्ही उतरलो नाही. चांगलं काम केलेलं माणूस लपतंय कशाला?"

हेमंत उठून खिडकीपाशी गेला.

"चला खाली," बाई म्हणाल्या. "तुमचा टॉवेल दोरीवर कुठं होता ते दाखवा."

४

पंत पडले होते त्या जागेपासून दोरी दोन हातांवर होती. रविवारी तिच्यावर हेमंतचे चार टॉवेल आणि मास्तरांचं धोतर वाळत होतं. नळाखाली भरलेली बादली.

"तुम्ही असता तर कशानं बांधलं असतं?"

"टॉवेल ओढला असता. डॉक्टरांनी ओढला तसा."

"आणि जखम?"

"धुतली असती. पाणी होतंच की."

"होय ना? पण जखम धुतलेली नव्हती, नुसती पुसलेली होती. मी डॉक्टरांना विचारून आले. आणि ती पट्टी मी दवाखान्यात हातात घेऊन पाहिली. मऊ, जुनं, पांढरं सुती कापड, अंगावरच्या वस्त्रातून टरकावलेलं. एवढे टॉवेल लोंबत असताना अंगावरचं वस्त्र कोण फाडेल, हेमंतराव? दोन हातांवर पाणी असताना जखम कोरडी कोण पुसेल?"

हेमंतनं पहिल्या मजल्यावरच्या त्या बंद दाराकडे पाहिलं.

"ज्याला दोरी दिसत नाही," तो हळूच म्हणाला. "बादली दिसत नाही."

इंदुताईंनी आधी साफ कानावर हात ठेवले. "मी? मी कशी उतरीन? काहीबाही बोलू नका." हातातली जपमाळ मात्र भराभर फिरू लागली. सुलभाबाई हेमंतकडे वळल्या. बोलायचं कुणी, ते त्याला कळलं.

"काकू," तो म्हणाला, "मी वरच्या खिडकीत होतो. सगळं पाहिलं. मी गप्प बसलो."

माळ थांबली.

"तू होतास? जिना उतरू लागले तेव्हा खिडकी लावल्याचा आवाज आला मला. तूच ती लावलीस?"

"होय."

त्यांनी माळ मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "आज सांगतोस, बरं केलंस. मी खाली बसून किती हाका मारल्या, लेकरा. 'कोण आहे? धरा हो कुणी तरी!' म्हणलं. कुणी हूं का चूं केलं नाही. आणि मला तर कळत होतं की माणूस उभा आहे. इथं, तीन हातांवर. श्वास ऐकू येत होता. वर तुझी खिडकी. मला दिसत नाही. गप बसलेला भित्रा अन् गप बसलेला मारेकरी, मला दोघंबी सारखेच. मग मी सांगू कुणाला? कुणाच्या हातात देऊ?"

त्या उठल्या, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि हिरवी फाईल बाहेर काढली.

"त्यांच्या पोटाखाली होती. ते त्याच्यासाठी मरू लालते, म्हणून मी उचलली."

हेमंतला वाटलं, आपण एखाद्या देवळात चपला घालून उभे आहोत. ही बाई, जिला भिंत धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येत नाही, ती मारामारीचा आवाज ऐकून त्या आवाजाच्या दिशेनं चालत गेली होती. खाली कोण आहे, किती जण आहेत, त्यांच्या हातात काय आहे, यातलं काही माहीत नसताना. तिथं श्वास घेणारा माणूस उभा आहे हे कळूनही तिनं त्याच्याकडे पाठ करून पंतांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मग चाचपत पंतांच्या घरात जाऊन, फोनच्या तबकडीची भोकं बोटानं मोजून, पाठ असलेला नंबर फिरवून डॉक्टरांना बोलावलं होतं.

"ताई," सुलभाबाईंनी विचारलं, "तो श्वास घेणारा गेला कुठं? फाटकातून?"

"नाही वो. फाटक कुठं वाजलं? तो जिना चढून वर गेला. अनवाणी."

५

अनवाणी, आणि वर. म्हणजे अजय नव्हे. बाहेरून येणारा अनवाणी येत नाही, आणि फाटक न वाजवता जात नाही. वर राहणारे दोघेच होते: हेमंत आणि दत्तोबा मास्तर.

"मी नव्हतो," हेमंत घाईनं म्हणाला. म्हणता म्हणताच त्याला त्याचा अर्थ लागला, आणि तो जिन्यातच थबकला. "नाही हो. मास्तर? चाळीस वर्षांची मैत्री..."

"तुमची खिडकी लागल्याचा आवाज इंदुताईंनी जिन्यात ऐकला. त्यानंतर त्यांच्या बाजूनं कुणी उतरलं नाही, आणि खाली तो श्वास होताच. एकाच वेळी तुम्ही दोन ठिकाणी नव्हतात. चला."

मास्तर गॅलरीत बुद्धिबळाचा पट पुढ्यात घेऊन एकटेच बसले होते. सुलभाबाईंनी खुर्ची ओढली आणि वही उघडली.

"मास्तर, तुमचंच बोलणं वाचून दाखवते. 'आमचा बाळकृष्ण असा उताणा पडलेला, डोक्याला पदराची पट्टी.' बरोबर?"

"बरोबर."

"हेमंतराव म्हणाले, रुमाल. डॉक्टर म्हणाले, चिंधी. ड्रायव्हरला ती धोतराची वाटली. पांढरं कापड, ना काठ, ना किनार, रक्तानं माखलेलं. पट्टी मी स्वतः उलटून पाहिली, वस्त्रातून फाडलीय एवढंच कळलं, कुठल्या ते मलाही सांगता आलं नाही. तुम्हाला कसं कळलं, मास्तर, की तो पदर होता?"

दत्तोबा मास्तरांनी पटावरचा एक मोहरा उचलला आणि उगीच हातात फिरवत राहिले.

"तुमच्या खोल्यांमधून अंगण दिसत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. तो पदर होता हे दोघांनाच ठाऊक असू शकतं. जिनं फाडला तिला, आणि जो तिथं उभा राहून फाडताना पाहत होता त्याला."

खालून एक रिक्षा फटफटत गेली. मास्तरांनी मोहरा पटावर आडवा ठेवला.

"मुलाला कॉम्प्युटरचा क्लास काढायचाय. अजय म्हणाला, नव्या बिल्डिंगीत रस्त्यावरची जागा देतो, फक्त तो कागद कोर्टात जाऊ देऊ नका. मी बाळकृष्णाला म्हणलं, एक महिना थांब. तो ऐकेना. ढकलायचं नव्हतं हो मला. फाईल ओढली, हात सुटला..." त्यांनी डोळे मिटले. "तो पडला. आणि मी उभाच राहिलो. ती आली, भिंत चाचपत. माझ्या पुढ्यात बसली. पदर फाडला. 'कोण आहे?' म्हणून विचारत होती. एकदा तिचा हात माझ्या धोतराला लागता लागता राहिला. मी मागं सरकलो. माझा दोस्त मरत होता, बाई. माझे डोळे शाबूत होते. अन् मी मागं सरकलो."

"ढकललंत ते एका क्षणात झालं असेल," सुलभाबाई म्हणाल्या. "पण ती हाका मारत होती तेवढा वेळ तुमच्याकडे होता."

हेमंतनं मान खाली घातली. तेवढाच वेळ त्याच्याकडेही होता.

मास्तर उठले, खुंटीवरची टोपी घेतली. "पोलीस ठाण्यापर्यंत सोबत या," ते म्हणाले. "एकटा गेलो तर वाटेतून परत फिरेन."

६

अजय सुटला. जाताना फाटक आपटून गेला. दानपत्र कोर्टात दाखल झालं. नवव्या दिवशी बाळकृष्णपंत नीट बोलू लागले, तेव्हा हेमंत दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी त्याला बाहेरच सांगितलं होतं, की त्या सकाळचं त्यांना काहीच आठवत नाही. कुणाची बाही नाही, कुणाची खिडकी नाही. गप्प राहिला असता तर चाललं असतं.

त्यानं खाटेशेजारी बसून सगळं सांगितलं. नजर भिडली होती तेसुद्धा.

पंतांनी ऐकून घेतलं.

"कोर्टात हे असंच सांगशील?" त्यांनी विचारलं. "दत्तोबाचा वकील तुला फाडून खाईल. 'एवढं दिसत होतं तर उतरला का नाहीत?' म्हणून भर कोर्टात विचारील."

"विचारू दे. उतरलो नाही, म्हणून सांगीन."

"मग ये साक्षीला," पंत म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. माफ केलं की नाही, हे ते बोलले नाहीत. हेमंतनंही विचारलं नाही.

तो परतला तेव्हा दुपार होती. इमारत सामसूम होती. पहिल्या मजल्यावर इंदुताईंच्या दारासमोर तो थांबला. आत त्या स्वतःशीच काहीतरी गुणगुणत भाजी निवडत असाव्यात. हेमंत खाली जाणाऱ्या जिन्याकडे वळला, भिंतीला हात लावला आणि डोळे मिटले.

पहिल्या चार पायऱ्या सोप्या गेल्या. पाचवी तुटकी होती, तिथं पाय मुरगळता मुरगळता वाचला. मग जिना वळला आणि वळणावर हाताखालची भिंतच संपली. त्यानं दुसरा हात पुढं केला. कठडा नव्हता. बोटं नुसती हवेत फिरली. पुढची पायरी किती खोल आहे, आहे तरी का, काही कळेना. त्यानं स्वतःला बजावलं, तू हा जिना रोज उतरतोस, ही तुझीच इमारत आहे.

खाली अंगणात कुणी नव्हतं. कुणाची झटापट नव्हती, कुणाचा श्वास नव्हता. स्वच्छ, शांत दुपार होती. आणि अजून अकरा पायऱ्या उरल्या होत्या.

त्याचा पाय उचलला नाही. त्यानं डोळे उघडले.